लवकरच येत आहे

माळ्यावरचं सामान खाली काढायचं ठरलं की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. 'टाकून द्या' म्हणणारा पक्ष बहुमतात असतो. त्यात माझी बायको, सून आणि नातू असे तिघे सभासद आहेत. 'राहू दे' म्हणणाऱ्या पक्षात मी एकटा. गेल्या दिवाळीत अशाच एका अधिवेशनात माझ्या हाती एक वही लागली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची आणि वर वळणदार अक्षरात 'अर्थशास्त्र, १९७५-७६' असं लिहिलेली. अक्षर माझंच होतं. पुढे आयुष्यभर सरकारी नोकरी केल्यामुळे ते बिघडलं, पण तेव्हा चांगलं होतं.

वही उघडली. पहिल्याच पानावर 'मागणी व पुरवठा' हा मथळा लाल शाईनं अधोरेखित केलेला. त्याखाली अडीच पानं मजकूर. तिसऱ्या पानाच्या मध्यावर 'किंमत वाढली असता मागणी' एवढं लिहून वाक्य जे थांबलंय ते आज पन्नास वर्षं थांबलेलंच आहे. किंमत वाढली असता मागणीचं काय होतं हे मला पुढे लग्न झाल्यावर कळलं, पण वहीत ते आलेलं नाही.

वही उलटी केली आणि मागून उघडली मात्र, जीव भांड्यात पडला. मागून पुढे एकशे सत्तर पानं गच्च भरलेली! विषय एकच, पिक्चर. कुठला आला, कुठला येणार, कोण पडला, कोण चढला, कुणाचं कुणाशी जमलं आणि कुणाचं फिस्कटलं. गोगटे कॉलेजात मी नक्की काय शिकलो असा प्रश्न माझ्या वडिलांना मरेपर्यंत पडलेला होता. त्याचं उत्तर या वहीत होतं आणि ते त्यांच्या हाती लागलं नाही ही देवाची कृपा.

त्या काळात रत्नागिरीत राहून ताज्या सिनेमांवर मतं बाळगणं हे किती अवघड काम होतं, हे आजच्या मुलांना सांगून पटायचं नाही. आमच्या थिएटरच्या दाराशी काचेची एक चपटी पेटी होती. तिच्यात पोस्टर लावलेलं असे आणि त्यावर तिरकी पट्टी, 'लवकरच येत आहे'. (थिएटरचं नाव सांगत नाही. तिथल्या खुर्च्यांतल्या ढेकणांशी माझं रक्ताचं नातं आहे, आणि घरच्या माणसांची वाच्यता चारचौघांत करू नये.) 'लवकरच' या शब्दाचा अर्थ गावागणिक बदलतो. मुंबईत लवकरच म्हणजे पुढचा शुक्रवार. पुण्यात लवकरच म्हणजे आम्हांला योग्य वाटेल तेव्हा. आणि रत्नागिरीत लवकरच म्हणजे आलाच तर आला.

यात थिएटरवाल्याचा दोष नव्हता. पिक्चरच्या प्रती निघायच्या त्या मोजक्या. कच्ची फिल्म महाग, एकेक प्रत म्हणजे भला मोठा खर्च. त्या प्रती आधी मुंबई-पुण्याला चालायच्या, तिथली गर्दी ओसरली की मोठ्या जिल्ह्यांच्या गावी, आणि तिथूनही उरल्या तर घाट उतरून आमच्याकडे. पत्र्याच्या गोल डब्यांतून, एसटीच्या टपावरून, कोंबड्यांच्या खुराड्यांशेजारी बसून. हजार फुटांचं एक रीळ म्हणजे अकरा मिनिटं. तीन तासांच्या पिक्चरचे डबे उतरवताना हमाल घामाघूम व्हायचा. पावसाळ्यात घाटात दरड पडली की नायक-नायिका अंब्याच्या वर आणि आम्ही खाली. शिवाय इतकी गावं फिरून आलेल्या प्रतीवर चरे पडलेले असायचे, त्यामुळे आमच्या पडद्यावर राजस्थानच्या वाळवंटातसुद्धा बाराही महिने पाऊस कोसळत असे. कोकणी माणसाला त्यात वावगं वाटायचं नाही.

आणि वाट बघायची या गावाला सवयच आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं, आणि त्याचा राजवाडा उभा राहिला १९१० साली. जिथे राजाला घरासाठी चोवीस वर्षं तिष्ठावं लागलं, तिथे कॉलेजच्या पोराला पिक्चरसाठी वर्ष-दीड वर्ष थांबावं लागलं तर ओरडायला जागा नव्हती. कोकण रेल्वे पुरी व्हायला तर १९९८ साल उजाडलं. त्या मानानं अमिताभ बच्चन लवकर आला म्हणायचा.

पिक्चर नाही आला तरी पिक्चरची बातमी मात्र यायची. एक मार्ग म्हणजे केशकर्तनालय. तिथे 'रसरंग'चे अंक असत. पण कारागिराला वस्तरा पुसायला कागद लागायचा आणि तो नेमका मधलं पान फाडायचा. त्यामुळे नटीचं लग्न ठरल्याचं वाचायला मिळायचं, कोणाशी ठरलं ते साबणात गेलेलं असायचं. दुसरा मार्ग रातराणीचे ड्रायव्हर-कंडक्टर. मुंबईत थिएटरांपुढच्या रांगा त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या असत. तिसरा मार्ग रेडिओ. बुधवारी रात्री आठ वाजता सिलोन लागलं की आमच्या खोलीतल्या चौघांपैकी एकाला ट्रान्झिस्टर उंच धरून खिडकीत उभं राहावं लागे, कारण स्टेशन तिथेच लागायचं. आणि सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणजे गणपतीला आणि शिमग्याला येणारे चाकरमानी. त्यांनी पिक्चर स्वतः बघितलेला असायचा. न बघितलेला असला तर ते जास्त रंगवून सांगायचे.

गंमत म्हणजे सिनेमाची मराठी भाषा घडली त्यात या गावाचाही वाटा आहे. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीचा त्यांचा खटाटोप इथूनच चालू होता. दिग्दर्शक, पटकथा, संकलन, मध्यंतर असे पुष्कळ शब्द त्यांच्या नावावर सांगतात. पण सावरकरांच्या रत्नागिरीत मी एकाही माणसाला 'चित्रपट बघायला जातो' म्हणताना ऐकलं नाही. सगळे 'पिक्चर' बघायचे. 'मध्यंतर' हा एक शब्द मात्र रुजला, कारण त्यात भजी मिळायची.

आता वहीतल्या नोंदी. तारखा सोडतो, मतं तेवढी देतो. माणसानं तरुणपणी किती ठामपणे चुकावं याचा हा पुरावा आहे.

'पांडू हवालदार बघितला. दादा कोंडके नेहमीप्रमाणे. बरोबर दुसरा एक हवालदार आहे, कोणी अशोक सराफ म्हणून. बरा आहे. पण पुढे येईलसं वाटत नाही.' पिक्चर १९७५ चा. त्या कोणी अशोक सराफांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. ते पुढे आले, भविष्य सांगणारा मी मात्र हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो.

'काशिनाथ घाणेकर आपल्या चिपळूणचे. मूळचे दाताचे डॉक्टर. तिकिटाच्या खिडकीवर आज माझा दात हलला तो त्यांच्यासाठीच.' ही नोंद 'हा खेळ सावल्यांचा'च्या वेळची, १९७६ च्या पिक्चरची.

'जय संतोषी माँ. घरमालकीणबाई नारळ घेऊन गेल्या, चपला बाहेर काढून ठेवल्या आणि पडद्यावर देवी आल्यावर हात जोडून उभ्या राहिल्या. मागच्यांना दिसेना, पण बोलणार कोण?' असं देशभर झालं. थोडक्या पैशांत काढलेला हा पिक्चर १९७५ साली बड्या-बड्यांच्या मांडीला मांडी लावून चालला. पण या पिक्चरचा खरा फटका बसला तो आम्हां कोकणातल्या लोकांना. संतोषीमातेचे सोळा शुक्रवार करायचे तर त्या दिवशी आंबट वर्ज्य. आता कोकणात आंबट वगळून उरतं काय? आमटीत आमसूल, माशात आमसूल, कढीत आमसूल. सोळा शुक्रवार आम्ही खोलीवर राहणाऱ्या पोरांनी दूधभात खाऊन काढले. घरमालकीणबाईंना त्याचं पुण्य लागलं असेल, आम्हांला नुसता दूधभात लागला.

आणि ही एक नोंद. वाचताना मी हसलो आणि मग हसू आवरलं. 'किशोरकुमार रेडिओवर हल्ली मुळीच लागत नाही. घसा बसला असावा. खोलीतल्या तिघांच्या मते मिठाच्या गुळण्या कराव्यात. माझ्या मते ज्येष्ठमध.' १९७६ च्या मे महिन्यानंतरची ही गोष्ट. घसा ठणठणीत होता. आणीबाणी होती. सरकारी कार्यक्रमासाठी गायला त्यानं नकार दिला म्हणून आकाशवाणीवर त्याची गाणी बंद केली होती. आणीबाणी उठल्यावर शहा आयोगासमोर हे प्रकरण बाहेर आलं. आम्ही चार सुशिक्षित तरुण, जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारे, रोज वर्तमानपत्र वाचणारे, आणि ज्येष्ठमध सुचवत होतो. बातमी उशिरा येणं आणि बातमी येऊच न देणं यांत फरक असतो हे मला त्या वयात कळलं नव्हतं. मी आपला दोन्हींचा दोष एसटीला देत होतो.

पण वहीतली निम्मी पानं एकाच पिक्चरची आहेत. 'शोले'.

पहिली नोंद १९७५ च्या ऑगस्ट अखेरची. 'रातराणीच्या कंडक्टरकडून पक्की बातमी. शोले पडला. मोठमोठे नट घेऊन काय उपयोग? डाकूच्या कामाला डॅनी घेणार होते, तो अफगाणिस्तानात दुसऱ्या शूटिंगला गेला म्हणून कोणी नवा अमजद खान घेतला आहे. त्यानंच बुडवला असणार.' कंडक्टरची बातमी त्या दिवसापुरती खोटी नव्हती. सुरुवातीला तो पडल्याचाच बोभाटा होता. फक्त ती बातमी रत्नागिरीला पोचेपर्यंत मुंबईत ती शिळी झाली होती. मिनर्व्हा थिएटरात तो पिक्चर पुढे पाच वर्षं चालला.

आमच्याकडे तो आधी आला कानांनी. पॉलिडोर कंपनीनं त्याच्या संवादांच्या तबकड्या काढल्या होत्या. पुढच्या गणपतीत पाहावं तर आरतीच्या आधी गब्बरसिंग, आरतीच्या नंतर गब्बरसिंग, आणि ध्वनिक्षेपकवाल्याची डुलकी लागली तर आरतीच्या मधेही. मच्छीमार्केटात कोळणी गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना त्याचा आवाज काढायच्या. आमच्या एका प्राध्यापकांनी हजेरी घेताना 'कितने' एवढाच शब्द उच्चारला आणि पुढचं वाक्य साठ मुलांनी पुरं केलं. त्या साठांतल्या एकानंही पिक्चर पाहिलेला नव्हता. मला तर सगळा शोले पाठ होता, फक्त त्यात माणसं कशी दिसतात ते ठाऊक नव्हतं.

मी तो प्रत्यक्ष पाहिला १९७७ च्या मे महिन्यात. तोवर आणीबाणी उठली होती, किशोरकुमार रेडिओवर परत आला होता आणि माझी परीक्षा संपली होती. आमच्या खोलीतल्या चौघांची तुकडी तीन तास आधी रांगेत लागली. प्रतीवर एवढा पाऊस होता की रामगढला ओला दुष्काळ पडावा. मधे एकदा कार्बनच्या कांड्या संपत आल्या, पडदा पिवळा पडत पडत अंधारला आणि पब्लिकनं ऑपरेटरच्या सात पिढ्यांची आठवण काढली. पण जय मेला तेव्हा शिट्ट्या मारणाऱ्यांपैकी कुणीही शिट्टी मारली नाही. माझ्या शेजारचा मिरकरवाड्याचा एक दणकट तांडेल हुंदके देऊन रडत होता. मी रडलो नाही असं वहीत लिहिलेलं आहे. पण तिथली शाई पसरलेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी घरी गेलो. आमचं घर पालीच्या पुढे, आत दोन मैल चालत. सुट्टीत घरी गेलं की रात्री जेवणं उरकल्यावर पडवीत बसून पिक्चर सांगायचा, हे माझं काम ठरलेलं होतं. आई थिएटरात कधी गेली नाही. घर, गोठा आणि नवऱ्याचा चहा यांतून मोकळीक मिळाली तर ती जाणार. अण्णा कचेरीत अव्वल कारकून. त्यांच्या मते सिनेमा हे सरकारची परवानगी असलेलं व्यसन होतं. तरी माझी गोष्ट सुरू झाली की ते पंचांग डोळ्यांपुढे धरून कान इकडे लावत. आणि तिसरी श्रोता म्हणजे ताईआत्या.

ताईआत्या अण्णांची धाकटी बहीण. अठराव्या वर्षी लग्न होऊन गिरगावात गेली आणि विसाव्या वर्षी परत आली. यजमान विषमज्वरानं गेले. तेव्हापासून ती आमच्याच घरी. मी पाहिली तेव्हापासून फिक्या रंगाच्या पातळात, भिंतीला टेकून, हातांत काहीतरी निवडायचं काम घेऊन. गिरगावात असताना यजमानांबरोबर ती म्हणे दर शनिवारी सिनेमाला जायची. दोन वर्षांचे शनिवार मोजले तर शंभरेक पिक्चर झाले. नंतरच्या पंचवीस वर्षांत एकही नाही. कुणी जाऊ नको म्हटलं नव्हतं. कुणी चल म्हटलं नव्हतं.

त्या रात्री फणसाचे गरे सोलायचं काम चालू होतं. मी शोले सुरू केला. आईची सवय अशी की दर पाच मिनिटांनी तिचा प्रश्न ठरलेला, "मग त्यानं काय केलंन्?" कथेपेक्षा तिला प्रपंचाची काळजी. गब्बरच्या अड्ड्यावर पोचलो तर म्हणाली, "पन्नास-पन्नास बाप्ये डोंगरात, त्यांचं रोजचं रांधतं कोण?" बसंती तिला पसंत पडली. "बोलते पुष्कळ, पण टांगा चालवून पोट भरते ना, मग बोलू दे." ठाकूरनं दोघांना पैसे देऊन आणवलं म्हटल्यावर पंचांगाआडून आवाज आला, "निवृत्त पोलीस अधिकारी ना? पेन्शनीत एवढी शिल्लक? चौकशी व्हायला हवी."

मग मी राधेवर आलो. ठाकूरची विधवा सून. पांढरं पातळ. संध्याकाळी माडीवरचे दिवे एकेक करून मालवते आणि खाली अंगणात जय बाजा वाजवत बसलेला असतो. दोघं एक शब्द बोलत नाहीत. हे सांगताना माझं लक्ष गेलं. ताईआत्याचे हात थांबले होते.

मी पुढे सांगितलं की ठाकूर स्वतः राधेच्या वडिलांकडे जातो, तिचं पुन्हा लग्न करावं म्हणतो, आणि ते कबूल होतात. पडवीत कुणी बोललं नाही. कंदिलाभोवती पाखरं फिरत होती. आणि कधी नव्हे ती ताईआत्या बोलली. "मग तिचं काय झालं?"

वाचकहो, यापुढे पिक्चरमध्ये काय होतं ते तुम्हांला ठाऊक आहे. पुलापाशी जय एकटा मागे राहतो, गोळ्या लागून मरतो, आणि राधा खिडकी लावून घेते. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून ते येईना. मी म्हणालो, "गोळी लागली, पण त्याच्या खिशात ते नाणं होतं ना, दोन्हीकडे छापा असलेलं? गोळी त्या नाण्यावर बसली." खरं म्हणजे ही युक्ती 'दीवार'मधली. तिथे बिल्ला गोळी अडवतो. मी तो बिल्ला इकडून तिकडे नेला. आई म्हणाली, "एवढंसं नाणं नि त्यानं गोळी अडवलीन्?" मी म्हटलं, "अगं, राणीछाप रुपया होता. चांदीचा." राणीछाप म्हटल्यावर आईचा विश्वास बसला. पुढे मी दणक्यात लग्न लावून दिलं. वीरू-बसंती आणि जय-राधा, एकाच मांडवात. जेवणात काय होतं ते आईनं विचारलं, मी जिलबी सांगितली.

झोपायला जाताना अण्णा माझ्या जवळून गेले आणि हळूच म्हणाले, "कचेरीतले लोक म्हणत होते, तो मरतो." मी गप्प. ते क्षणभर थांबले. म्हणाले, "बरं केलंस." आणि आत गेले.

विधवेच्या पुनर्विवाहाची गोष्ट आमच्या जिल्ह्याला नवी नव्हती. दापोलीजवळच्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं, गावानं वाळीत टाकलं ते सोसलं, आणि उभ्या महाराष्ट्राला लाजवलं. त्या हिशेबानं १९७५ चा हिंदी सिनेमा रत्नागिरी जिल्ह्याच्या ब्याऐंशी वर्षं मागे होता. वहीत हे वाक्य मी मोठ्या ऐटीत लिहून ठेवलेलं आहे. लिहिताना मला सुचलं नाही की ती बातमी मुरुडहून आमच्या पडवीपर्यंतही पोचलेली नव्हती. आणि तिथे तर वाटेत घाटही नव्हता.

त्यानंतर दर सुट्टीत ताईआत्या म्हणायची, "तो टांगेवालीचा सांग रे." नवे पिक्चर आले, गेले, पण तिला तोच हवा. मी सांगायचो. दर वेळी नाणं यायचं, दर वेळी गोळी अडायची. मांडव मोठा होत गेला. एका मे महिन्यात मी राधेला मुलगीसुद्धा झालेली सांगितली.

१९८६ च्या गणपतीत वाडीतल्या पोरांनी वर्गणी काढून व्हिडिओ आणला. एका रात्रीत तीन कॅसेटी, आणि त्यांतली मधली शोले! मला घाम फुटला. मी तेव्हा दोन मुलांचा बाप होतो, तरी चोरी पकडली जाणाऱ्या पोरासारखी माझी अवस्था झाली. आत्याला म्हटलं, उशीर होईल, गारठा आहे, डोळ्यांना त्रास होतो. ती म्हणाली, "नऊ वर्षं ऐकतेय, एकदा बघते तरी." आणि चटई घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसली.

मी पिक्चर बघितलाच नाही. तिच्याकडे बघत होतो. पूल आला. जय पडला. नाणं निघालं ते वीरूच्या हाती, आणि त्यानं कुठलीही गोळी अडवलेली नव्हती. राधेनं खिडकी लावून घेतली. ताईआत्या होती तशीच बसून राहिली. तिनं पदर डोळ्यांना लावला नाही की मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही.

परत येताना मी टॉर्च धरून पुढे, ती मागे. पायवाटेवर बेडूक ओरडत होते. मी म्हटलं, "आत्या, मी तेव्हा..."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तुझ्या दुसऱ्या दिवशीच. दुधाच्या रतिबाला येणाऱ्या बाईच्या मुलानं बघितला होतान्."

"मग नऊ वर्षं मला सांगायला का लावायचीस?"

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दर वेळी तुझा चेहरा असा व्हायचा, जसं काही आता तो खरंच मरतो की काय. आणि मग वाचवायचास. घरात कुणीतरी तिच्यासाठी एवढी खटपट करतंय, ते बघायला बरं वाटायचं." आणि मग तिच्या नेहमीच्या सुरात, "पुढे बघ. दगड आहे."

पुढे अनुपमा चोप्रांनी या पिक्चरवर लिहिलेलं पुस्तक आलं. त्यातून कळलं की पहिल्या दिवसांत पिक्चर पडला असं वाटल्यावर खुद्द निर्मात्यांनीच जयला जिवंत ठेवावं आणि शेवट पुन्हा काढावा असा विचार केला होता. दोन दिवस थांबून पाहू म्हणाले आणि राहून गेलं. तेव्हा माझी दुरुस्ती अगदीच गावठी नव्हती. फक्त मी ती पुरी केली. शेवटाची दुसरी गोष्ट तर आणखी मजेची. मूळ पिक्चरात ठाकूर गब्बरला मारतो. निवृत्त पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे १९७५ च्या सेन्सॉरला पटलं नाही, म्हणून पोलीस येऊन गब्बरला पकडतात असा शेवट जोडला. म्हणजे मी पडवीत बसून जे केलं तेच सरकारनं कचेरीत बसून केलं होतं. हेतू तेवढे निराळे. मला एका माणसाला बरं वाटायला हवं होतं, त्यांना सगळ्यांनी शिस्तीत राहायला हवं होतं.

हा मूळ शेवट असलेली दुरुस्त प्रत २०२५ च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली. नातवानं मला ती बातमी मोबाइलवर दाखवली आणि विचारलं, "आजोबा, गब्बर मेला होता हे तुम्हांला माहीत होतं?" मी म्हटलं, नव्हतं बाबा. रामगढहून बोलोन्यामार्गे ही बातमी यायला पन्नास वर्षं लागली. आमच्या एसटीनं एवढा उशीर कधी केला नव्हता.

नातवाला आता कशाचीच वाट बघावी लागत नाही. शुक्रवारी निघालेला पिक्चर शुक्रवारी त्याच्या हातात असतो, आणि रविवारी तो त्याला कंटाळलेला असतो. मला त्याचा हेवा वाटत नाही आणि कीवही येत नाही. त्यानं सांगितलेला पिक्चर कुणी परत परत ऐकेल का, एवढाच प्रश्न कधी कधी मनात येतो.

ताईआत्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मूळ शेवट इटलीत पोचला आणि सेन्सॉरचा शेवट घरोघर आहे. तिसऱ्या शेवटाची प्रत मात्र कुठल्या डब्यात ठेवलेली नाही. म्हणून वही माळ्यावर परत टाकण्याआधी मी पेन घेतलं. शेवटच्या पानावर थोडी जागा शिल्लक होती. अक्षर आता पहिल्यासारखं येत नाही, तरी जमेल तेवढं वळणदार काढून लिहिलं :

'शोले. पक्की बातमी. जय वाचला. नाणं राणीछाप होतं.'